कुलवंतसिंग नांदेडला जातो

लेक लग्न होऊन कोल्हापूरला नांदायला गेली आणि कुलवंतसिंगाचं चित्त थाऱ्यावर राहिना. मालवण बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता मात्र नटबोल्ट पिळता पिळता तो मध्येच उठे, धक्क्याच्या टोकापर्यंत जाई, समुद्राकडे बघून परत येई. "काय सिंगभाऊ, काय हरवला?" असं कोणी विचारलं की ओशाळून हसे. काय हरवलं ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं!

पंजाबातून आला तेव्हा तो मासळीच्या ट्रकवर क्लीनर होता. ट्रक इथे बंद पडला, तो सुरू करता करता शेजारच्या होडीचं इंजीनही त्याने सुरू करून दिलं, आणि मग तो इथलाच झाला. दांडी वाडीतल्या काशीराम तांडेलाच्या मुलीशी, किशोरीशी त्याचं जमलं, तेव्हा काशीरामाने सगळ्या वाडीसमोर सांगितलं होतं, "फिरतो माणूस तो. आज हंय, उद्या खंय? हो रवाचो नाय." लग्नाला तो आला नाही. नात झाली तेव्हा तिला बघायला आला, पण जावयाशी बोलला नाही तो नाहीच.

आता तोच काशीराम जावयाच्या घरी खाटेवर पडून होता. उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं जड झालेलं. बायको आधीच गेलेली, मुलगा नव्हता. किशोरी सकाळी बाजारात मासळी घेऊन बसायची, तेव्हा म्हाताऱ्याला उठवणं, पुसणं, आंघोळ घालणं कुलवंतच्याच वाट्याला यायचं. पहाटे तो गुरूंची बाणी म्हणायला बसे आणि चार ओळी होतात न होतात तोच आतून काठी आपटल्याचा आवाज येई. अंथरूण भिजलेलं असे. कुलवंत उठे, चादर बदले, धोतर बदले. हात काम करत, पण डोक्यात भुंगा फिरत राही. सगळा जन्म असाच जायचा का? लेक मार्गी लागली. गुरूच्या दारी आता नाही जायचं, तर कधी?

एका दुपारी जेवताना त्याने बोलून टाकलं. "किशोरी, मी नांदेडाक जातंय. हुजूर साहिबाच्या गुरुद्वाऱ्यात. थंयच सेवा करतलंय."

"किती दिवस?"

"दिवस नाय. कायमचो."

किशोरीने हातातला घास ताटात ठेवला. "आणि घर?"

"संसार झालो आता. जरा देवाचा करूंदे."

"तुमचे गुरू संसार टाकून गेले?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लगीन होवच्या आधी तुमीच माका सांगितल्यात. नानकांनी सगळो मुलूख पालथो घातलो आणि शेवटाक फकिराचे कपडे काढून बायलापोरांत रवले, शेत कसले. देव डोंगरात बसान गावणा नाय. घाम गाळूचो, नाव घेवचां, वाटून खावचां, घरातच गावता. त्या एका बोलण्यार मी बापाशीक सोडून तुमच्यावांगडा इलंय."

आपलंच बोलणं आपल्यावर उलटलेलं पाहून कुलवंत चिडला. "सेवा करूक जातंय, चोरी करूक नाय," तो फटकन म्हणाला.

"जावा. मी अडवूचंय नाय. आबांक मात्र तुमीच सांगून जावा."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तो खाटेपाशी उभा राहिला. "आबा, मी जातंय," एवढंच कसंबसं म्हणाला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. वाकड्या ओठांतून एकेक शब्द ओढत म्हणाला, "माका... म्हायत... होतां."

कोल्हापूरपर्यंत एस.टी. आणि पुढची गाडी, साऱ्या वाटेत ते तीन शब्द त्याच्या कानात घुमत राहिले.

नांदेडला लंगरात त्याला लगेच काम मिळालं. तो भांडी घासू लागला, कणीक मळू लागला. पहाटे मनसोक्त बाणी ऐकायला मिळे. मध्येच काठी आपटणारं कोणी नव्हतं. पण आश्चर्य असं, की त्याचे कान त्या आवाजाचीच वाट बघत. आता उठायचं, आता बोलावणं येईल, असं वाटून तो बसल्या जागी चुळबुळ करी. घरी फोन केला तर किशोरी तेवढ्यास तेवढं बोलली. आबांना उठवायला शेजारचा महादू येतो, म्हणाली.

आणि एक दिवस पंगतीत वाढताना त्याला एक म्हातारा दिसला. लकव्याचाच. मुलगा त्याला भरवत होता आणि डाळ हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होती. मुलगा लाजून इकडेतिकडे बघत होता. कुलवंतने हातातली बादली खाली ठेवली, म्हाताऱ्याच्या धडक्या बाजूला जाऊन बसला. तळहात हनुवटीखाली धरला, घास गालाच्या चांगल्या बाजूने आत सारला आणि गळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. म्हाताऱ्याने गिळलं.

"तुम्हाला बरं जमतं," मुलगा म्हणाला. "कुणी आजारी आहे का घरी?"

"सासरे आहेत."

"मग आता त्यांना कोण भरवतं?"

पोराने आपलं सहज विचारलं होतं. "शेजारी," कुलवंत म्हणाला आणि त्याने पुढचा घास केला. त्या म्हाताऱ्याचं पोट भरेपर्यंत तो तिथेच बसला. मग तोंड धुतलं, दरबार साहिबात जाऊन कितीतरी वेळ माथा टेकला आणि पिशवी आणायला गेला.

घरी पोचला तेव्हा सकाळ होती. आत महादू काशीरामला काखेत धरून उठवू बघत होता आणि म्हातारा ओरडत होता. कुलवंतने महादूला बाजूला केलं, गुडघा खाटेला टेकवला आणि सासऱ्याला कमरेतून उचललं. तेवढ्यात काशीरामाने डाव्या हाताने त्याच्या गालावर एक चपराक दिली. महादू घाबरून मागे सरला.

"मेल्या," म्हातारा धापा टाकत म्हणाला, "खंय... होतंस?"

इतक्या वर्षांत सासऱ्याने जावयाला विचारलेला हा पहिला प्रश्न. कुलवंतचा गाल चुरचुरत होता. "इलंय, आबा," तो म्हणाला, आणि पाणी तापवायला गेला.

दुपारी किशोरी बाजारातून आली. रिकामी टोपली तिने कोनाड्यात ठेवली, त्याच्याकडे पाहिलं. "झाली सेवा?"

"नाय झाली." तो म्हणाला, "तुका खोटां सांगणंय नाय. मन अजून थाऱ्यार नाय माझां."

"माझां तरी खंय आसा?" किशोरी पायरीवर बसली. "बाजारात बसल्यार समोरसून एस.टी. जातत. रोज वाटता, एकीत चढान सुटान जावचां. खंय ता म्हायत नाय."

कुलवंत चकित होऊन तिच्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, पण हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. घर सोडून जावंसं आपल्याला एकट्यालाच वाटतं, असं तो धरून चालला होता.

"मगे गेलंस कित्या नाय?"

"मासळी कुसात मा."

दोघंही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कुलवंत तिच्याशेजारी बसला. "लेकीकडे जावन ये," तो म्हणाला. "परत यावसा वाटात तेव्हा ये. घर मी बघतंय."

"आणि बंदरावरचा काम?"

"महादूक आबांपाशी बसवन जाईन, आणि त्याका जेवूक हंयच बोलवीन. जेवण वाईट झाला तर तिघांनी मिळान खावचां."

सोमवारी किशोरी कोल्हापूरला गेली. कुलवंतने कालवण केलं ते खारट झालं. महादूने जेवताना दोनदा पाणी मागितलं. काशीरामाने तोंड वेडंवाकडं केलं, पण सगळं संपवलं. भांडी घासून झाल्यावर कुलवंत अंगणात आला, फाटकापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. पायांची सवय अजून मोडली नव्हती. मग आत जाऊन त्याने सासऱ्याला कुशीवर वळवलं; पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मध्ये मध्ये वळवावं लागे.