सात दहाची पॅसेंजर

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत आमच्या कोंडेवाडी हॉल्टच्या भिंतीवर एक कागद चिकटला आणि माझं डोकंच फिरलं. सकाळची सात दहाची कोल्हापूर पॅसेंजर यापुढे आमच्याकडे फक्त रविवारी थांबवावी, बाकीचे सहा दिवस इथे प्रवासीच नसतात, असा विचार चालू असल्याचं त्यात लिहिलं होतं. निर्णयाआधी पुढच्या सोमवारपासून आठवडाभर खिडकीवरच्या तिकिटांची मोजणी होणार होती.

प्रवासी नसतात म्हणे. रोज शंभरावर माणसं चढायची तिथून. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानांत कामाला जाणारी, कॉलेजातली, दवाखान्यांतली, आणि मी, महादेवी, राजारामपुरीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आठच्या बॅचला शिकवणारी. तिसरा डबा तर आमच्या बापाचाच असल्यासारखा आम्ही वापरायचो. जयसिंगपूरहून आधीच चढून बसलेली राजमती आमच्यासाठी जागा धरायची आणि दर शुक्रवारी पिशवीभर भडंग आणायची. एवढी सगळी माणसं काय हवेत होती?

मी तशीच तणतणत खिडकीशी गेले. तिथे केरबा बसायचा. तो रेल्वेचा नोकर नव्हता, तिकिटं विकायचं काम त्याने कमिशनवर घेतलं होतं. त्याने शांतपणे वही पुढे सरकवली. रविवार, एकशे चाळीस. सोमवार, चार. मंगळवार, सहा. मी वही वाचली आणि माझी मलाच लाज वाटली. रविवारी देवीला, जोतिबाला, रंकाळ्यावर जाणारे सगळे तिकीट काढतात. आम्हा रोजच्यांकडे महिन्याचे पास, तेही कोल्हापूरला काढलेले, कारण हॉल्टवर पास मिळत नाहीत. वर्षानुवर्षं आम्ही केरबाच्या खिडकीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, आणि त्याचा तोरा मिरवला होता तो वेगळाच.

घरी सासऱ्यांच्या कानावर ही बातमी माझ्या आधीच पोचली होती. रामलिंगअप्पा, म्हणजे आमचे मामंजी, ओसरीवर पान लावत होते. एस.टी.चा फाटा गावापासून तीन किलोमीटर, आणि पहिली बस आठनंतरची. ते त्यांनाही माहीत होतं.

"गाडी न्हाय तर नोकरी न्हाय," ते म्हणाले. "घरात काय कमी हाय तुला?"

चार वर्षं मी हा प्रश्न ऐकत होते. मामंजी दुष्ट नव्हते, पण सून रोज गाडीने कुठे जाते आणि काय करते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. घरात कमी काहीच नव्हतं, फक्त मी तिथे कंटाळून मरत होते. हे त्यांना सांगायची सोय नव्हती, म्हणून मी गाडी वाचवायचं ठरवलं.

शुक्रवारी भडंग खाता खाता तिसऱ्या डब्याची सभा भरली. मी म्हटलं, पास असला तरी आठवडाभर प्रत्येकाने तिकीटही काढायचं. दुकानात मापाडी असलेला सयाजी हसून हसून लोळला. मग त्याला सकाळी चालत फाट्यावर जायचं चित्र डोळ्यापुढे आलं असावं, कारण सगळ्यात आधी हात त्यानेच वर केला.

आणि सोमवारी आम्ही माती खाल्ली. सकाळी सगळ्यांचीच धावपळ, तेव्हा संध्याकाळी कोल्हापूरला निवांत तिकीट काढू, असं आम्ही एकमताने ठरवून टाकलं. काढलीही. भल्यामोठ्या रांगेत उभं राहून, एकमेकांना टाळ्या देत काढली. ती सगळी अर्थातच कोल्हापूरच्या वहीत गेली. केरबाच्या वहीत सोमवार, चार. मंगळवारी तर मोजणीचे साहेब स्वतः येणार होते. परतल्यावर केरबाने वही दाखवली तेव्हा आमचे डोळे उघडले, आणि सकाळी सगळ्यांनी त्याच्याच खिडकीशी रांग लावायची असं तिथेच ठरलं.

मंगळवारी साडेसहाला मी हॉल्टवर पोचले, तर रांग पार चिंचेच्या झाडापर्यंत गेलेली. केरबा आयुष्यात एवढा कधी पळाला नसेल. कडक पुठ्ठ्याची तिकिटं ठोकून ठोकून त्याचा हात दुखायला लागला, आणि सात वाजता गठ्ठाच संपला. मग तो कोऱ्या तिकिटांवर हाताने लिहायला बसला. त्याचं अक्षर लावायला ज्योतिषी लागला असता, आणि वेग तर विचारूच नका.

सात दहाला गाडी आली. खिशात पास, समोर दारं उघडी, तरी रांगेतलं एकही माणूस हललं नाही. इंजिनाने शिट्टी दिली. आतून राजमती ओरडून जागा धरल्याचं सांगत होती. गार्ड खाली उतरून आला. गाडी सुटली तर शंभर माणसांचा दिवस बुडणार, आणि ही कल्पना माझी होती.

तेवढ्यात केरबाच्या मागे बसलेले मोजणीचे साहेब बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातलं तिकीट बघितलं, आणि दुसऱ्या हातातला पासही.

"पास आहे, मग तिकीट कशाला?"

"पासाच्या माणसाला तुमच्या वहीत माणूस धरत न्हाईत, म्हणून," मी म्हटलं.

 साहेबांनी रांगेला पास वर धरायला सांगितलं. एकदम हातच हात वर झाले. साहेबांनी गार्डला थांबायची खूण केली आणि बोट दाखवत एकेक पास स्वतः मोजला. एकशे सतरा. रांगेच्या टोकाशी मात्र एका माणसाकडे पासच नव्हता. धोतर, कोट, डोक्याला फेटा. आमचे मामंजी.

ते खिडकीशी गेले, केरबाला म्हणाले, "एक कोल्हापूर दे," आणि तिकीट घेऊन सरळ माझ्या डब्यात चढले. वाटेत राजमतीच्या पिशवीत शुक्रवारचं उरलेलं भडंग तेवढं खाल्लं. माझ्या मागोमाग इन्स्टिट्यूटपर्यंत आले. मी आत गेले तशा वीस मुली उठून उभ्या राहिल्या, मग बसल्या, आणि वीस मशीन एकदम सुरू झाली. मामंजी दारात तासभर उभे होते. बस म्हटलं तरी बसले नाहीत.

गाडी रोज थांबणार असल्याचं पत्र महिन्याने आलं. पण मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. जेवताना मामंजी सासूबाईंना म्हणाले, "उद्यापास्नं डबा सव्वासहालाच भरत जा. हिची गाडी सात धाची हाय."