रविवारपर्यंतची वेणी

माझं सलून आहे. दिवसभर लोकांचे केस कापतो, पण लेकीच्या केसांना कात्री लावायला मन धजेना. फर्मान बायकोचं होतं. "रविवारपर्यंत उवा गेल्या नाहीत तर वेणी कापायची. तुम्ही कापा, नाहीतर मी कापते."

बायको औषधाच्या दुकानात असते. उवांचं औषध घ्यायला आलेल्या प्रत्येक आईला ती बजावते: लिखा औषधाला दाद देत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा लावा, ओल्या केसांतून फणी फिरवा, घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. आणि आमच्याच घरात ये रे माझ्या मागल्या! औषध लावून झालं, पुन्हा लावून झालं, दुसरं आणून झालं. चार दिवस बरे जायचे, की चिमणीचा हात परत डोक्यात. शेजारीण रॉकेलची वाटी घेऊन आली, तेव्हा बायको अशी कडाडली की ती बिचारी वाटी तिथेच टाकून पळाली.

चिमणी म्हणजे आमची लेक, तिसरीतली. वेणी थेट आईसारखी, कमरेपर्यंत. झोपायलाही तिला आईचीच उशी लागते. शनिवारी ती सलूनमध्ये येऊन रडवेली झाली. "बाबा, मग मी आईसारखी दिसणार नाही ना?"

मी कात्री मुद्दाम दुकानातच ठेवून घरी गेलो.

रविवारी बायकोने तिला गॅलरीत उजेडाला बसवलं. त्याआधी माझंही डोकं तपासलं. तिथे तपासण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण तिने सोडलं नाही. फणीबरोबर तोंडही चालू होतं. मधेच तिने स्वतःच्या कानामागे कराकरा खाजवलं आणि पुन्हा फणी उचलली.

चिमणी मागे वळून बघतच राहिली. "आई, तुझ्या डोक्यात कोण बघतं?"

बायकोने फणी मांडीवर ठेवली. "माझी आई बघायची," ती म्हणाली. "मग कोणी नाही."

दिव्याखाली अंधार! मी हसणार होतो, पण हसू आलं नाही. दिवसभर परक्यांची डोकी हातात घेणारा मी, हिच्या डोक्यावरून शेवटचा हात कधी फिरवला, तेही आठवेना.

मायलेकींनी जागा बदलल्या. चिमणीने फणी फिरवली आणि पांढऱ्या टॉवेलवर पहिल्याच खेपेला दोन टपोऱ्या उवा पडल्या.

"सापडल्या!" चिमणी नाचली. मग कमरेवर हात ठेवून अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "आता वेणी कापायची. बाबा, तुम्ही कापा, नाहीतर मी कापते."

बायकोने झटकन वेणी पुढे ओढून मुठीत धरली. "नको गं," ती म्हणाली. इतका लहान आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"मग माझी पण नको."

त्या दिवशी दोघींना एकदमच औषध लागलं, आठवड्याने पुन्हा लागलं, आणि उवा खरंच गेल्या. तरी रविवारी बायको स्टूल घेऊन गॅलरीत येते आणि माझ्यापुढे पाठ करून बसते.

"बघा हो, काही आहे का."

"काही नाही."

"नीट बघा."

मी नीट बघतो.