चादरीतली रेघ

आमचे मुख्याध्यापक शिवलिंगप्पा सर भूगोलाचे पेपर शब्द शोधून तपासत. त्यांच्या टेबलाच्या खणात एक जुने गाइड होते. गाइडातले शब्द मुलाच्या उत्तरात सापडले की बरोबरची खूण. वाक्य काय म्हणते ते वाचण्याची गरज त्यांना बावीस वर्षांत पडली नव्हती.

१९७७ च्या सहामाहीत नववीतल्या मायाक्काला त्यांनी एकोणतीस गुण दिले. पास व्हायला पस्तीस लागत. ‘हिमालय कसा तयार झाला?’ या आठ गुणांच्या प्रश्नाला शून्य होते आणि समासात तांबड्या शाईने लिहिले होते : ‘भूगोलात चादर नको.’

ते उत्तर मी शिकवलेले होते. मी शास्त्राची शिक्षिका. पण सर शाळेच्या सरकारी तपासणीच्या तयारीत गुंतलेले, म्हणजे फाटकाला रंग लावून घेत होते, म्हणून नववीचा भूगोल माझ्याकडे आला होता. मी पुठ्ठ्याची आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका कापून वर्गात नेली, किनारे जुळवून दाखवले. तेव्हा मागच्या बाकावरून मायाक्का म्हणाली, “बाई, काठ जुळला म्हंजे काय न्हाय. खोट जुळाय पायजे.”

वर्ग हसला. मी तिला पुढे बोलावले. तिचे वडील धुळाप्पा सोलापूरच्या भवानी पेठेत चादरींच्या यंत्रमागावर कामाला होते. दुष्काळात मेंढरे विकून सांगोल्याकडून आलेले. ती म्हणाली, मागावर चादरी एकामागे एक सलग विणल्या जातात, मग कापतात. उभा धागा तुटला आणि कुणी बघितले नाही तर बारीक रेघ पडत जाते, या चादरीतून त्या चादरीत. कापल्यावरही रेघेवरून कळते की दोन्ही एकाच मागावरच्या. दोन्ही किनाऱ्यांवरचे खडकांचे पट्टे आणि एकाच लहानशा प्राण्याचे सांगाडे यांचे महत्त्व मला त्या दिवशी वेगळे समजवावे लागले नाही.

मायाक्का हुशार वगैरे नव्हती. शुद्धलेखन भयंकर, नकाशात श्रीलंका विसरायची. पण हे तिला कळले होते, आणि तेच तिने लिहिले होते : जमीन आधी एक सलग होती, चादरीसारखी कापली गेली, आणि त्यातला भारताचा तुकडा सरकत आशियाला भिडून हिमालय झाला. धुळाप्पाने तिला बजावले होते : प्रगतिपुस्तकात एक जरी तांबडी रेघ आली तर दिवाळीपासून शाळा बंद, कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसायचे. प्रगतिपुस्तके शनिवारी मिळणार होती. मी मंगळवारी पेपर घेऊन सरांकडे गेले.

“बाई, जमीन सरकते म्हणता?”

“सरकते. भारत उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला. मधल्या समुद्राचा तळ वर उचलला गेला.”

“मग माझी सोरेगावची जमीन अजून सोरेगावातच कशी?” त्यांनी शेजारी बसलेल्या क्लार्ककडे बघितले. क्लार्क हसला, ते त्याचे कामच होते.

“शेजाऱ्याची पण सरकते, सर. बरोबरच. वर्षाला बोटाची दोन पेरं.”

“म्हणजे दरवर्षी सातबारा नवा काढायचा!” क्लार्क पुन्हा हसला. “अहो, पृथ्वी थंड झाली, आक्रसली, सुरकुत्या पडल्या. वाळल्या बोरासारखी. आमच्या मास्तरांनी हेच शिकवलं, आम्ही हेच शिकवतो. आणि आकार जुळतो म्हणाल तर माझा बूट इटलीशी जुळतो.”

“बरोबर आहे. म्हणूनच तिने चादरीचं लिहिलंय. एकदा वाचा.”

“चादर शिवणकामाच्या तासाला,” असे म्हणून त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. जमिनीपेक्षा तो सहज सरकला.

गुरुवारी तपासणी झाली. तपासणीला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांचा सत्कार नववीच्या वर्गात ठेवला होता, कारण त्या वर्गाच्या भिंतीला ओल नव्हती. सरांनी साहेबांना हार घातला, नारळ दिला, मग एक लाल-पांढरी चादर दोन्ही हातांवर धरून म्हणाले, “साहेब, ही तुमच्यासाठी खास विणून घेतली. अशी दुसरी अख्ख्या सोलापुरात नाही.”

तशीच दुसरी सरांच्या स्वतःच्या, खोलीतून वर्गात आणलेल्या खुर्चीवर पसरलेली होती. माणूस इतका निष्काळजी का असतो, तर त्याला कुणी बघत नाही याची त्याला खात्री असते.

साहेबांनी वर्गाला विचारले, “सध्या भूगोलात काय चाललंय?”

“खंडांचं सरकणं,” मी सरांच्या आधी बोलले. “मायाक्का, पुरावा काय असतो ते साहेबांना सांग.”

मायाक्का उठली. “चादर घिऊ का, साहेब?” म्हणत तिने त्यांच्या मांडीवरची चादर उचलून टेबलावर उलगडली. मग सर परत जाऊन बसले होते त्या खुर्चीकडे गेली. “सर, जरा उटा की.”

सर उठले. मला वाटते, नवल वाटूनच उठले.

तिने दोन्ही चादरी टोकाला टोक लावून ठेवल्या. “हितं बगा. काठापास्नं चार बोटं. धागा तुटलाय, रेघ सुरू झाली, टोकापतोर गेली. आता सरांच्या चादरीत बगा. चारच बोटं. रेघ आत आली, हितपतोर आली, मग कुणी तरी बगितलं आन् गाठ मारली. ह्या दोनी एकाच मागाच्या, एकामागं एक. मदी कातर लागली, एवढंच. जमिनीचं बी तसंच हाय.”

साहेब चष्मा लावून वाकले. “म्हणजे ही आणि ती जुळ्या बहिणी?”

“व्हय. आन् दोनी खोटीच्या मालातल्या. निम्म्या भावात मिळत्यात.”

साहेब मोठ्याने हसले. जमिनीचे त्यांना काही कळले असे मला वाटत नाही. चादरीचे पूर्ण कळले. मी मायाक्काचा पेपर पुढे ठेवला. त्यांनी शून्य बघितले, उत्तर बघितले आणि म्हणाले, “हा मुख्याध्यापकांच्या अधिकारातला प्रश्न.” मग चादर घडी घालून घेऊन गेले. खोटीची असली तरी.

शुक्रवारी सरांनी मला खोलीत बोलावले. क्लार्कला बाहेर पाठवलेले होते.

“त्या पोरीला सांगा, चादरीचं पेठेत कुठं बोलायचं नाही.”

“आणि पेपर?”

त्यांनी तांबड्या पेनाचे टोपण काढले. आधी एकोणतीस पस्तीसमधून वजा केले, बोटांवर, मग शून्याचा सहा केला. उत्तर त्यांनी तेव्हाही वाचले नाही. समासातला शेरा मात्र खोडला, दोनदा, वरून आणि खालून.

शनिवारी मायाक्काने प्रगतिपुस्तक आधी पाहिले, मग पेपर. तांबडी रेघ कुठे नव्हती. मी वाट पाहत होते की आता ती हसेल.

“बाई,” ती म्हणाली, “आठाचं उत्तर हुतं की. चुकलं काय त्यात?”

“काही नाही.”

“मग दोन कुटं गेलं?”

मी तिच्या हातातून पेपर घेतला आणि परत सरांच्या खोलीकडे निघाले. या खेपेला तिलाही बरोबर घेतले.