उकार गळाला आणि मी लाल झालो

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. हमालाच्या दंडावरचा नव्हे की कंडक्टरच्या छातीवरचा नव्हे. मी राहतो संगणकाच्या पडद्यावर, बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातल्या ऋतिकाने लिहिलेल्या प्रोग्रामच्या पहिल्या पानावर. त्या पानाला ‘रीडमी’ म्हणतात. नवा माणूस आला की आधी तेच वाचतो.

हा प्रोग्राम कन्नड अक्षरांचा फोटो घेतो आणि तेच शब्द मराठी अक्षरांत दाखवतो. ऋतिकाची आज्जी जयाबाई कन्नड फडाफडा बोलते, पण तिला वाचता येतात ती मराठी अक्षरंच. तिला बसची पाटी कळावी म्हणून हा खटाटोप. आणि तो सगळ्यांना खुला. कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर सुधारावी.

माझं काम सोपं. ऋतिकाने काही बदललं की प्रोग्रामची परीक्षा होते. पास झाला की मी हिरवा, नापास झाला की लाल. मी बहुतेक हिरवाच असे, आणि खरं सांगतो, मला त्याचा तोरा होता!

दुःख एकच होतं. मदतीला कुणी येत नव्हतं. शहरातली नोकरी करून ऋतिका एकटीच राबत होती. शेवटी ती भावाला, नागेंद्रला म्हणाली, “अण्णा, रविवारी बेळगावात प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा मेळावा हाय. तिथंबी कुणी जोडीला मिळालं न्हाय, तर मी हे बंद करणार बघ.” माझा जीव टांगणीला लागला.

नागेंद्र म्हणाला, “लोक आधी नटणं बघतात गं!” आणि त्याने पानावर बिल्ल्यांची रांगच लावली. प्रोग्राम कितीजणांनी आपल्या संगणकावर उतरवून घेतला, कितीजणांना आवडला, एवढंच काय, ‘चहावर चालतो’ असाही एक बिल्ला! त्या गर्दीत माझा पार चेंदामेंदा झाला. जयाबाईने पडद्यात डोकावून पाहिलं.

“अगं बाई, बँडवाल्याच्या कोटावरबी इतके नसत्यात!”

ऋतिका खो खो हसली. मग एकेका बिल्ल्यावर बोट ठेवून ती विचारू लागली, “ह्यातनं येणाऱ्याला काय कळतंय?” चहावाला गेला. उतरवून घेणाऱ्यांचा आकडा इतका केविलवाणा होता, की ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणत नागेंद्रनेच तो काढला. शेवटी उरलो तिघे. प्रोग्रामचा हा कितवा अवतार आहे ते सांगणारा, वापरायला मोकळीक आहे असं सांगणारा आणि मी. माझी छाती फुगली.

रविवारी सकाळी आज्जा भावकू कन्नडमधलं लाइट बिल घेऊन आले. “माझं नाव वाचतंय काय बघ की.” ऋतिकाने फोटो काढला. पडद्यावर आलं, ‘भावक’.

“आरं, माझा उकार कुणी खाल्ला?” आज्जा ओरडले.

झालं होतं असं. कन्नडमध्ये ‘येळ्ळूरु’ लिहितात, आपण ‘येळ्ळूर’ म्हणतो. म्हणून शेवटचा उकार गाळायचं ऋतिकाने प्रोग्रामला शिकवलं होतं. त्या शहाण्याने आज्जाचाही गाळला! ऋतिकाने आज्जाचं नाव लगेच परीक्षेत घातलं, आणि मी लालेलाल झालो. मेळाव्याच्या दिवशीच! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“काढ त्याला आजच्या दिवस,” नागेंद्र कळवळून म्हणाला. “कोण येईल गं लाल बघून?”

ऋतिकाचं बोट माझ्या ओळीवर आलं. मी डोळे मिटले. ती म्हणाली, “हिरवा हुता तवा मिरवला. आता लपवू व्हय? ऱ्हाऊ दे.”

मेळाव्यात ऋतिकाच्या लॅपटॉपवर मला पाहून बरेचजण तसेच पुढे निघून गेले. एकजण तर हसला. ऋतिकाचा चेहरा उतरत चालला होता, तेवढ्यात भैरवी नावाची शहरातली मुलगी थांबली.

“हा लाल का आहे?”

ऋतिकाने सगळी हकीकत सांगितली. भैरवीला हसू आवरेना. “अगं, मग आमच्या शेजारच्या रवळूकाकांचं ‘रवळ’ होईल, भरमूमामांचं ‘भरम’! सरक जरा, मला बसू दे.”

दोघींनी डोकं चालवलं. गावाच्या नावाचा उकार गाळायचा, माणसाच्या नावाला हात लावायचा नाही. पुन्हा परीक्षा झाली. मी हिरवा! मित्रांनो, इतका आनंद मला आधी कधीच झाला नव्हता.

तिसऱ्याच दिवशी ‘चिकोडी’ गावाने दगा दिला, कन्नडमधलं ‘चिक्कोडी’ जसंच्या तसं उमटलं आणि मी पुन्हा लाल झालो. पण या वेळी ऋतिकाच्या आधी भैरवी धावत आली.

म्हणून सांगतो, बाळांनो, तुमच्या पानावर बिल्ले थोडेच लावा, पण खरं बोलणारे लावा. आणि आमच्यातला एखादा लाल झाला तर त्याला उतरवू नका. तो मदतीला हाक मारत असतो.