आयव्हली धरून तीन

"हात जरा खालीच ठेवा हं, बाई. पडद्यावर असले हात दिसले की साबणवाल्यांचा जीव जातो," असं म्हणत चेहरा रंगवणाऱ्या बाईनं वर्नाच्या बोटांवर पावडर थापली. पावडर भेगांत जाऊन बसली आणि भेगा आणखीच उठून दिसू लागल्या.

"धाकटी अजून लंगोटात आहे," वर्ना म्हणाली. "रोजचे वीस लंगोट, हातानं."

"म्हणून तर आलात ना!"

म्हणूनच आली होती. पहाटेच्या बसनं ॲक्रनहून क्लीव्हलंडला. चार वर्षांचा लॉनी आणि सात महिन्यांची ड्रीमा शेजारच्या मिसेस क्लिंगलरकडे होती. म्हातारी एकटी, फटकळ, मूलबाळ नाही. पण गल्लीतला एकुलता एक टीव्ही तिच्या घरी होता. "मी बघते पोरांना, आणि तुलाही बघते," ती म्हणाली होती. 'शाबास, गृहिणी!' हा खेळ रोज सकाळी अकराला लागायचा. जिंकलेल्या बाईला वॉशिंग मशीन. ते समोरच उभं होतं, पांढरंशुभ्र, पोटाला गोल काच. वर्ना दोन आठवडे त्याची स्वप्नं बघत होती.

दिवे लागले. सूत्रसंचालक चेट मॅलोरी दात दाखवत पुढे आला. "आणि या आहेत मिसेस ऑर्व्हल टॅकेट! ऑर्व्हलराव टायरच्या कारखान्यात असतात. बाईंचं स्वतःचं नाव विचारू नका, ते फक्त ऑर्व्हलरावांना ठाऊक!"

समोर बसलेल्या दोनशे बायका हसल्या. वर्नाही हसली. हसायचंच असतं, असं सकाळी शिकवलं होतं.

सफरचंदाचं साल अखंड काढायचं होतं, ते तिनं काढलं. डोळे बांधून मसाले ओळखायचे होते, तेही ओळखले. रबरी बाहुलीला लंगोट बांधायचा होता. तो बांधताना तिचा हात नकळत बाहुलीच्या पाठीखाली गेला, मान सावरायला. अकरा वाजून गेले होते. ड्रीमाची दुधाची वेळ. छाती ठणकायला लागली होती.

आता शेवटचा डाव. बायकोनं पाटीवर उत्तर लिहायचं आणि नवऱ्यानं तेच उत्तर कारखान्यातून फोनवर सांगायचं. जुळलं की मशीन तिचं.

"ऑर्व्हलराव, ऐकू येतंय ना?"

"येतंय, येतंय!" मुकादमाच्या खोलीतून ऑर्व्हलचा आवाज आला, मागे दहा-बारा जणांची खिदळ.

"अगदी सोपा प्रश्न, बाई. आजवर तुम्हाला बाळं झाली किती?"

बायकांनी टाळ्याच वाजवल्या. जिंकलीच की ही! वर्नानं खडू उचलला. 'आहेत किती' असं विचारलं असतं, तर हात थांबला नसता. पण त्यानं 'झाली किती' विचारलं. पाच वर्षांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. तिनं तीनचा आकडा काढला.

"दोन!" ऑर्व्हल ओरडला. "एक पोरगा, एक पोरगी!"

पाटी वळली. मग मॅलोरीनं कपाळावर हात मारला. "तीन! अहो ऑर्व्हलराव, घरी जाऊन मोजा बरं एकदा! की बाई, हे तिसरं कुणाचं, ते त्यांना सांगायचं राहून गेलं?"

हसण्याचा एकच लोंढा आला. फोनमध्ये टायरवाले हसले, समोर बायका हसल्या. वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बायका! यांच्यातल्या कितीजणींच्या छातीवर नर्सनं असंच फडकं आवळून बांधलं असेल, दूध आटावं म्हणून? तिची पहिली लेक आयव्हली सकाळी जन्मली आणि दुपारी गेली. गुंगीच्या औषधात वर्नाला फक्त तिचं रडणं ऐकू आलं होतं, दाराच्या पलीकडून. दाखवली नाही. "विसर आता. तरुण आहेस, होतील आणखी," डॉक्टर म्हणाले. दफनाच्या कागदावर सही ऑर्व्हलनं केली. दूध मात्र कुणाचं ऐकायला तयार नव्हतं. नऊ दिवस येत राहिलं.

साबणाची जाहिरात सुरू झाली, तसा मॅलोरी जवळ सरकला. दात आता दिसत नव्हते. "ते पुसा आणि दोन लिहा. घाबरून चूक झाली म्हणा. मशीन तुम्हालाच देऊ, वरच्यांना रडकी बाई नकोय. लवकर, बाई, अर्धंच मिनिट आहे."

फडकं पाटीला बांधलेलंच होतं. वर्नानं मशीनकडे पाहिलं, त्या गोल काचेकडे. मग स्वतःच्या हातांकडे. पुसायला असा किती वेळ लागणार होता? ऑर्व्हलनं पुसलं होतं, डॉक्टरनं पुसलं होतं. उरली होती तीच एक.

कॅमेऱ्यावरचा दिवा लाल झाला. "तर काय, बाई? हिशेब चुकला ना?"

"चुकला नाही," वर्ना म्हणाली. आवाज चढला होता, आणि तो तिनं उतरवला नाही. "तीनच. पहिलीचं नाव आयव्हली. ती मेली म्हणून झालीच नाही असं होत नाही, आणि हसण्यासारखं त्यात काय आहे ते मला..."

कॅमेरा वळलासुद्धा. मॅलोरी मशीनवर थाप मारून उद्याच्या पाहुणीबद्दल बोलत होता. दारात कुणीतरी तिच्या हातात साबणाच्या चुऱ्याचा खोका दिला.

चार वाजता ऑर्व्हल घरी आला. टोपीसुद्धा काढली नाही. "कारखान्याच्या अख्ख्या पाळीसमोर माझी शोभा केलीस. ते विचारत होते, तिसरं कुणाचं रे!"

"मग सांगितलंस का कुणाचं ते?"

"डॉक्टर म्हणाले होते, नाव काढायचं नाही. तुझ्याच भल्यासाठी. 'दोन' म्हणायला काय जात होतं तुझं? मशीन आलं असतं घरात!"

"तू बघितलंस तिला?"

तो थबकला. "कुणाला?"

"ऑर्व्हल."

"...बघितलं. सही करताना. नर्सच्या हातात होती."

वर्नाच्या हातातला लंगोट बादलीत तसाच राहिला. "केस होते?"

"होते. काळे. खूप." त्यानं टोपी काढली. "कान तुझ्यासारखा होता. एकच दिसला."

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं तुझ्याकडे तिचे केस होते, तिचा कान होता, आणि मला तू त्यातलं एवढंसंसुद्धा दिलं नाहीस." ती ओरडली नाही, पलीकडे ड्रीमा निजली होती. पण ऑर्व्हल असा मागे सरला, जणू तिनं हात उगारला होता. त्या दिवशी त्याचं जेवण तिनं वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. चार घरांत मिळून एकच तार, कुणीही उचलून दुसऱ्याचं ऐकावं अशी. दोनदा वाजला की टॅकेटांचा. वर्नानं ओल्या हातानंच उचलला.

"ऑर्व्हल टॅकेटांचं घर ना? फोनच्या वहीत नाव सापडलं." अनोळखी बाई, घाईत. "मला पाच. मी चारच सांगते." आणि ठेवून दिला.

तासाभरानं दुसरी. "मी काल तिथंच होते. हसले मी. मला माफ करा." ठेवता ठेवता म्हणाली, "आम्हाला जुळं झालं होतं. घरी एकच आणलं." मग तिसरी, ती नुसती रडली.

तिनं फोन ठेवल्यावरही वर्नाच्या कानाशी, फोनमध्ये, एक पक्षी किलबिलत होता. मिसेस क्लिंगलरची पिंजऱ्यातली कॅनरी. म्हातारी नेहमीसारखी कान लावून बसली होती. वर्नाचा राग उसळून वर आला. "ठेवा आता, मिसेस क्लिंगलर! झालं ना सगळं ऐकून?"

पक्षी ओरडत राहिला. मग म्हातारी म्हणाली, "पोरी, एकोणीसशे अकरा साल होतं. मुलगा. मला मूल नाही, असंच मी सांगते सगळ्यांना."

वर्ना भिंतीला टेकली. "नाव काय होतं?"

पलीकडे पिंजऱ्यावर कापड ओढल्याचा आवाज आला.

"ठेवूच दिलं नाही गं."

वर्नानं फोन ठेवला नाही. म्हातारीनंही नाही. चुलीजवळ लंगोटांच्या बादलीतलं कढत पाणी हळूहळू निवत गेलं.