नाव न विचारलेली पाहुणी

साकेलारिस दारातूनच ओरडला, "बाई, बंदी वाढली! उद्यासुद्धा जहाज नाही."

"हळू बोल की. बेबा झोपतेय," थेमेलिना म्हणाली.

बेबा झोपत वगैरे नव्हती. माझ्या मांडीवर बसून खडू तोंडात घालायच्या खटपटीत होती. एरवी शाळेच्या वेळात तिला सेवास्तीआजी सांभाळतात. त्या माझ्या घरमालकीण आणि थेमेलिनाच्या आजी. पण त्या दिवशी नाताळचे पाव भाजायला त्या बायकांबरोबर भट्टीवर गेल्या होत्या, म्हणून लेक माझ्याबरोबर वर्गात आली. वर्ग म्हणजे तरी काय, थेमेलिना, साकेलारिस आणि मिकेस. बेटावर त्या इयत्तेची मुलंच तेवढी.

बेबा म्हणजे नुसतं 'बाळ'; तिला अजून नाव नाही. बाप्तिस्मा उन्हाळ्यात, आणि तोवर आमच्याकडे कुठल्याच बाळाला नावाने हाक मारत नाहीत. त्याचं मला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते माझ्या नावाचं. सप्टेंबरात हंगामी शिक्षिका म्हणून या बेटावर उतरले, तेव्हापासून मला इथे कुणी नावाने हाक मारली नव्हती. शाळेच्या कागदांवर नाव होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. मुलांची मी बाई, वाण्याची 'शाळेतली', आजींची 'पोरी'. नवरा कुठे असतो, माहेर कुठलं, बेबा कुणावर गेलीय, काही म्हणजे काही कुणी विचारलं नाही.

आजी सकाळी बेबाला घेत, दुपारी परत देत. "खाल्लं, झोपली, शी केली," एवढं बोलणं. मग थोड्या वेळाने पायरीवर झाकलेली थाळी ठेवत. कधी मसूर, कधी पालक भरून भाजलेली पोळी, रविवारी भट्टीत रात्रभर शिजलेले काबुली चणे. दारावर टकटक करत आणि मी दार उघडेपर्यंत वळणाआड गेलेल्या असत. मी थाळी घासूनपुसून पायरीवर ठेवायचे. मनात म्हणायचे, इतका कसला कंटाळा माझा, की घटकाभर टेकवत नाही!

लाझारोस, माझा नवरा, तिकडे उत्तरेला, मुख्य भूमीवरच्या कोझानी शहरात. इस्पितळात नर्स आहे, त्याला सोडून येता येत नाही. रोज संध्याकाळी फोनवर दिसायचा. बेबा त्याच्या चेहऱ्याला हात लावायला जायची, हाताला गार काच लागायची, मग ती काचच चाटायची. एकदा ते बघून तो उठूनच गेला, मला नुसती खुर्ची दिसत राहिली. त्या संध्याकाळी आमचं ठरलं: नाताळला जायचं आणि परत यायचं नाही. अर्ध्यात सोडलं तर पुढच्या वर्षी नेमणूक मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मुख्याध्यापकांना घरी पोचल्यावर कळवायचं. बॅगा भरून दाराशी ठेवल्या आणि वारा सुटला. वाऱ्याचा जोर आठ बोफोर, म्हणजे वादळच. जहाजं बंद.

म्हणून हा तास. माझ्या हिशेबाने तो व्हायचाच नव्हता.

"कुठवर आलो होतो?"

"राजाचं जहाज फुटलं, तो पोहत पोहत किनाऱ्याला लागला, राजकन्येने कपडे दिले," मिकेसने एका दमात सांगितलं. मिकेसला मासेमारीला जायची घाई असते. शाळा हा त्याच्या दिवसातला अडथळा.

मी वाचू लागले. हजारो वर्षांपूर्वीचं काव्य, मुलांच्या हातात आजच्या ग्रीकमधलं. हा परका माणूस तिथल्या राजाच्या दरबारात येतो. आसरा मागायला चुलीपाशी राखेत बसतो. त्याला उठवतात, हातावर पाणी घालतात, पुढ्यात जेवण मांडतात. दुसऱ्या दिवशी खेळ होतात, त्याच्यासाठी मेजवानी होते. आणि एवढं होईपर्यंत तिथला राजा त्याला नाव म्हणून विचारत नाही.

"काहीतरीच," साकेलारिस म्हणाला. "बंदरावरचे पोलीस तरी विचारतीलच ना?"

"तेव्हा पोलीस नव्हते, बैला."

"मिकेस, बैला नाही म्हणायचं वर्गात."

"बाई, त्याला बाहेर सगळे तेच म्हणतात. त्याची आईसुद्धा."

साकेलारिस हसला. त्याला खरंच काही वाटत नाही. मी म्हणाले, "पाहुण्याची रीत होती तेव्हाची. आधी पोट भरू द्यायचं. चौकशा नंतर." आणि मग माझ्याही नकळत म्हणून गेले, "रीत चांगलीच आहे. पण ते 'नंतर' कधीतरी यायला हवं. इथे तर मला अजून कुणी काही विचारलं नाही."

हसत म्हणाले होते. मुलं हसली नाहीत. मिकेसने पुस्तकात डोकं घातलं. साकेलारिसने थेमेलिनाकडे पाहिलं, थेमेलिनाने खिडकीकडे.

"सांग ना," साकेलारिस म्हणाला.

"तू सांग."

"तुझी आजी आहे."

थेमेलिनाने वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "आजी म्हणते, विचारायचं नाही. मागच्या वर्षी पारिसा बाई होत्या. आजीला त्यांचं सगळं माहीत होतं. भावाचं नाव, होणाऱ्या नवऱ्याचं नाव, सासूला काय आवडत नाही तेसुद्धा. आजीने त्यांच्या लग्नाला मेजावरचं कापड विणलं, लेसचं, हे एवढं. जूनमध्ये जहाजावर चढताना त्या रडल्या, आजी रडली. ऑगस्टच्या जत्रेला येते म्हणाल्या होत्या. आल्या नाहीत. फोनपण नाही."

"आणि त्याच्या आदल्या वर्षीचे सर," मिकेस पुस्तकातूनच म्हणाला, "मला होकायंत्र पाठवणार होते."

"तेव्हापासून आजी म्हणते, ही माणसं जूनमध्ये जाणारच. खाऊ घाला, लेकरू सांभाळा, पण नाव विचारू नका. नाव विचारलं की माणूस आपलं होतं, मग फार त्रास होतो." ती थांबली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बाई. तिला तुम्ही आवडता. म्हणूनच ती दार उघडायच्या आत पळते."

बाहेर वाऱ्याने कुणाचा तरी पत्रा वाजवला.

"आणि मी समजत होते, मी या गोष्टीतली राणी," मी विषय बदलायला म्हणाले. "घरात बसून राजाची वाट बघणारी."

"नाही हं," थेमेलिना ताबडतोब म्हणाली. "बाई, तुम्ही कुठे घरी आहात? घरी तर बेबाचे बाबा आहेत. वाट ते बघतात. तुम्ही तो बुडालेला राजा."

"दाढी लावा, बाई," साकेलारिस म्हणाला, आणि वर्ग पुन्हा वर्गासारखा झाला.

पुढचा भाग मला वाचता येईना. दरबारात गाणारा गाऊ लागतो, गाण्यात त्या परक्याचीच हकिगत येते, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून अंगावरचं वस्त्र तोंडावर ओढून रडतो. मी पुस्तक मिकेसकडे सरकवलं. त्याने अडखळत वाचलं, स्वल्पविराम गिळत, जाळी ओढल्यासारखं. मी बेबाच्या मानेत तोंड खुपसून बसले. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळत राहिली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. या मुलांना ते न शिकवता येतं.

वाचून झाल्यावर मिकेस म्हणाला, "मग तिथला राजा शेवटी नाव विचारतो. रडला म्हणून."

"हो."

"आणि नाव सांगितल्यावर त्याला घरी पोचवतात."

"हो. जहाज देतात."

"आपल्याकडे बंदी आहे," साकेलारिस म्हणाला.

त्या दुपारी मी दाराआडच उभी राहिले. पावलं आली, थाळी पायरीवर टेकली, आणि टकटक व्हायच्या आत मी दार उघडलं. आजी दचकल्या. हाताला पिठाचा वास. भट्टीने गाल तांबूस झालेले.

"आत या ना, आजी. कॉफी टाकते."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. दाराशी बॅगा होत्या. सगळ्या. बेबाचा बाथटबसुद्धा दोरीने बांधलेला. दोन आठवड्यांच्या सुट्टीला कुणी बाथटब नेत नाही.

"गार होईल, खाऊन घे," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. या वेळी पळत नव्हत्या. एकेक पायरी धरून.

थाळीत नाताळचा पाव होता, मधोमध अख्खा अक्रोड रोवलेला. मी बेबाला गाभा भिजवून भरवला. दूध पिऊन ती छातीवरच झोपली. तिला बाजूला ठेवायला मन होईना. एका हाताने बाथटबची दोरी सोडायला घेतली. गाठ पक्की होती, दातांनी सोडवावी लागली.

वारा पडला तेव्हा बंदरावर सगळं बेट जमलं. जहाज तोंड उघडून उभं होतं, ट्रक उतरत होते, वाणी संत्र्यांच्या पेट्या मोजत होता. मी एक बॅग आणि बेबाला घेऊन रांगेत लागले. आजी दोन पावलं मागे, हात ॲप्रनखाली.

"माझी थाळी पायरीवर नाही," त्या म्हणाल्या.

"बॅगेत आहे."

"माझी थाळी घेऊन कुठे चाललीस?"

"कोझानीला. इतके दिवस रिकामी परत करत आले. माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. भरून आणते."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या एकाच बॅगेकडे. बेबाचं टोपरं उगाच नीट केलं.

"तुझं नाव काय गं?"

"शाळेच्या कागदावर असेल की, आजी."

"कागदाला नाही विचारलं. तुला विचारलं."

"सुमेला."

"सुमेला," त्या म्हणाल्या. तोंडात घोळवून, मीठ बघितल्यासारखं. "वर डेकवर उभी राहू नकोस, सुमेला. लेकराच्या कानात वारा जातो."

आणि वळून निघाल्या. जहाज सुटेपर्यंत थांबल्या नाहीत. थांबतील असं मला वाटलं होतं.

आत खिडकीशी बसले. बेट आधी पांढरं दिसलं, मग करडं, मग नुसताच ढगासारखा एक डाग. बेबाने काचेला जीभ लावली. फोन वाजला.

"निघालीस?" लाझारोस म्हणाला. मागे इस्पितळातला गलका होता, पण आवाजात सण होता. "मी खोली रंगवून घेतली. पिवळी. सगळं सामान घेतलंस ना?"

मी बॅगेवर हात ठेवला. कापडातून थाळीची कड लागत होती.

"नाही," मी म्हणाले. "बाथटब तिथेच आहे."

तिकडे दार लागल्याचा आवाज आला, मागचा गलका थांबला. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.