डुगडुगतं स्टूल

मुलांच्या संग्रहालयात कपाटं करणाऱ्या मिस्त्रीच्या कामात खोट काढायची म्हटलं, तर माणसाला दिवसभर डोळे फोडून घ्यावे लागले असते. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी, खण बोटाने ढकलला की आवाज न करता आत जाई. हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तो फारसं लपवत नसे. म्हणूनच त्याच्या लेकीने चारचौघांत त्याची अब्रू काढली, तेव्हा सगळ्या संग्रहालयाची झकास करमणूक झाली.

बिचारीच्या मनात तसं काही नव्हतं. संग्रहालयातल्या वस्तूंचा सगळा संसार ज्यांच्या ताब्यात होता, त्या बाईंनी शाळेतल्या मुलांना सांगितलं होतं, की लहानपणी लागायची आणि आता लागत नाही अशी एक वस्तू नव्या दालनासाठी आणा. कुणी दुधाची बाटली आणली, कुणी कान चावून चावून चिंधी केलेला कापडी ससा. मिस्त्रीच्या लेकीने बेसिनपाशी चढायचं निळं स्टूल आणलं. जिथे तिथे चढायच्या खोडीमुळे तिला घरात खारू म्हणत.

"हे माझ्या बाबांनी केलंय," तिने मोठ्या ऐटीत सांगितलं.

बाईंनी स्टूल टेबलावर ठेवलं. ते डुगडुगलं. एक पाय आखूड, बसायची फळी तिरकी कापलेली, दोन खिळे वाकडेच ठोकलेले. तिथे उभ्या असलेल्या रंगाऱ्याने ते निरखून पाहिलं आणि तडक वर्कशॉप गाठलं.

"काय हो, तुमच्याच नावाचा आणखी कोणी मिस्त्री आहे का इथे?"

"घाईत केलं असेल," मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाला. खरं म्हणजे ते स्टूल कधी आणि कसं केलं हे त्याला धड आठवतही नव्हतं. रोज पायाखाली येणारी वस्तू कोण निरखून बघत बसतो?

रंगाऱ्याचं त्याने मनावर घेतलं नसतं. पण उद्घाटनाला उस्ताद येणार होते. मिस्त्री पोरवयात त्यांच्याच हाताखाली शिकला होता, आणि त्याने तिरकी कापलेली एक फळी त्यांनी शब्दही न बोलता शेगडीत घातली होती. आपली कपाटं बघायला यानेच त्यांना हौसेने बोलावलं होतं. आता ते कपाट बघतील आणि कपाटाच्या आत ठेवलेलं हे ध्यानही बघतील, या विचाराने त्याने रंधा खाली ठेवला.

तो बाईंकडे गेला. "एक पाय तेवढा नीट करून देतो. हातासरशी होईल."

"आता नाही," बाई म्हणाल्या. "वस्तूवर संग्रहालयाचा नंबर पडला की तिला फडकंसुद्धा मला विचारून लागतं."

"पण वाकडं आहे हो ते."

"सशाचे कानही चावलेले आहेत. शिवायचे का?"

बाईंशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, असं पुटपुटत मिस्त्री परतला आणि त्याने दुसराच उद्योग आरंभला. जुन्या लाकडातून तेवढ्याच मापाचं, तसंच निळं स्टूल करायला घेतलं. संशय नको म्हणून थोडं वाकडं ठेवायचं त्याने ठरवलं होतं, पण हात ऐकतील तर शपथ. कडा घासून जुनाट केल्या, रंगाचे टवके उडवले, खाली नंबरही घातला, पण चारही पाय जमिनीवर शिस्तीत टेकले ते टेकलेच. मनातून त्याला ते फार आवडलं. दालनात चिटपाखरू नाही असं बघून त्याने स्टुलं बदलली आणि खरं स्टूल वर्कशॉपात बाकाखाली सारलं. जीव भांड्यात पडला.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी बाईंनी मुलांना फोटोसाठी बोलावलं. आपली वस्तू आपण कशी वापरायचो, ते प्रत्येकाने करून दाखवायचं होतं. दुधाच्या बाटलीवाल्याने लाजून मान फिरवली, तेव्हा सगळे हसले. खारूची पाळी आली. ती आता चांगली उंच झाली होती, तरी बेसिन समोर आहे असं समजून ती स्टुलावर चढली, आणि चढता चढता, न बघताच, तिने एक हात बाजूला केला.

तो हात हवेत तसाच राहिला. कशासाठी, हे दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीला आधी कळेना. मग कळलं. रोज सकाळी तो बेसिनपाशी दाढी करत उभा असायचा, स्टूल डुगडुगलं की खारू त्याचा शर्ट मुठीत धरायची, आणि तो दाढीचा फेस सांभाळत तिच्याकडे सरकायचा. हे कधी बंद पडलं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं.

"बाबा, हे हलत नाही," खारू म्हणाली. तिने वाकून पायांकडे पाहिलं. "हे आपलं नाहीये."

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. काहीतरी थाप मारता आली असती, नाही असं नाही. पण लेक वरून टक लावून बघत होती.

"मी बदललंय," तो म्हणाला. "थांबा, आणतो."

तो खरं स्टूल घेऊन आला, तोवर बाईंनी दुसरं उलटं करून खालचा नंबर वाचला होता. "अक्षरसुद्धा माझ्यासारखं काढलंत? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. आत्ताच वाटली."

रागवावं की हसावं हे बाईंना ठरवता येईना. "हे नवं माझ्या खोलीत ठेवा," त्या शेवटी म्हणाल्या. "वरच्या फळीला माझा हात पोचत नाही."

फोटो निघाला तो खऱ्या स्टुलावर. खारूच्या मुठीत बापाचा शर्ट होता आणि बापाचं तोंड कानापर्यंत फाकलेलं. पण घरी जाताना त्याला उस्ताद आठवले, आणि जेवण काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. भाषणं चालू असतानाच ते कपाटांकडे वळले. दाराच्या फटीवरून त्यांनी नख फिरवलं, खण ओढला, ढकलला, आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढी शाबासकी खूप होती. मग ते निळ्या स्टुलापुढे थांबले.

"बाहेर काढता येईल?"

फडकंही लावू न देणाऱ्या बाईंनी मुकाट्याने कपाट उघडलं आणि त्यांना हातमोजे दिले. रंगारी गंमत बघायला जवळ सरकला, खारू बापाला चिकटून उभी राहिली. उस्तादांनी स्टूल उलटं केलं.

"कोणाचं काम?"

"माझं," मिस्त्री म्हणाला. त्याचे कान तापले होते.

उस्तादांनी फळीची तिरकी कड डोळ्यांजवळ धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला, वाकडे खिळे चाचपले. बराच वेळ ते त्या लाकडातच गुंतून गेले.

"करवत चांगली चाललीय," ते म्हणाले. "फळीच धरलेली नाही. खिळाही धरलेला नाही. तुझा डावा हात कुठे होता?"

घाईत केलं, असं म्हणायला मिस्त्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला सगळं आठवलं. बायको इस्पितळात ड्युटीवर होती. खारूला ताप भरला होता आणि तिला काही केल्या खाली उतरायचं नव्हतं. फक्त हात स्वतः धुवायचे होते, आणि नळापर्यंत पोचता येत नाही म्हणून ती रडत होती. त्याने फळी पायाखाली दाबली होती, आणि तिचं गरम डोकं मानेवर घेऊन, तिला हिसका बसू नये म्हणून, अगदी हळू करवत चालवली होती.

"हिला कडेवर घेतलं होतं," तो म्हणाला. "ताप होता. उतरत नव्हती."

उस्तादांनी खारूकडे पाहिलं. मग स्टूल स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलं, जरा मागे सरून बघितलं, आणि तिरकी कड काचेसमोर येईल असं फिरवलं.

"ही बाजू पुढे असू दे," ते बाईंना म्हणाले.